चिखल्याची पिकअप

मधुकरराव चिखल्याहून जुनी पिकअप घेऊन आले, तेव्हा कौशल्या धानाच्या बांधीत निंदण करत होती. शेजारच्या ललिताबाईनं शेताच्या धुऱ्यावरून हाक मारली, "अवं, तुह्या घरी गाडी आली. सारा मोहल्ला धुरानं भरला."

कौशल्येनं बांधीतल्याच पाण्यात हात धुतले आणि घरी आली. घरामागच्या सांदवाडीत, विहीर आणि तुळशीच्या मधोमध गाडी उभी होती. कधीकाळी ती पांढरी असावी. आता मॅंगनीजची काळी धूळ दारांच्या फटीत आणि दिव्यांच्या कडांना अशी बसली होती, की रडून काजळ पसरल्यासारखं तिचं तोंड दिसत होतं. एक दार निळं होतं, दुसऱ्याच कुठल्या गाडीचं. बॉनेटमधून वाफ निघत होती, आणि बाजूला पाण्याची कॅन घेऊन मधुकरराव बैलबाजारातून खोंड आणल्यासारखे उभे होते.

"कशी हाये?" त्यांनी विचारलं.

"उभी त हाये," कौशल्या म्हणाली.

मधुकररावांनी सत्तावीस वर्षं चिखल्याच्या खाणीवर एका ठेकेदाराच्या गाड्या चालवल्या. राहणं तिकडेच, भाड्याच्या खोलीत. पंधरा दिवसांनी पवनीला यायचे, दोन दिवस थांबायचे, तिसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं परत. घर, वावर, मुलगी प्रतिक्षाचं शिक्षण हे सगळं कौशल्येनं पाहिलं. आता प्रतिक्षा नागपूरला नोकरीला होती आणि मधुकरराव काम सोडून कायमचे घरी आले होते. पण घरात ते अजून पाहुण्यासारखेच वावरत. पाणी हवं असलं तरी मागून घेत. कौशल्येलाही त्यांच्यासमोर मोकळं बोलायला सुचत नसे. भांडण नव्हतं. सवय नव्हती.

पिकअप घेण्यामागं त्यांचा हिशेब सरळ होता. मोहल्ल्यातल्या पाच-सहा घरांची वांगी भंडाऱ्याच्या बाजारात जात. भाड्याचा टेम्पो त्याच्या मर्जीनं येई, तोवर वांगी मलूल होत. दिवाळीनंतर माल निघेपर्यंत गाडी दुरुस्त करायची, आणि मग रोज पहाटे आपणच न्यायची.

पाचव्या दिवशी ते गाडी धुवायला माल भरायच्या मागच्या डाल्यात चढले. काळ्या धुळीखाली लाकडी फळ्या कुजल्या होत्या, ते कोणालाच दिसलं नव्हतं. एक फळी मोडली आणि त्यांचा डावा पाय मांडीपर्यंत आत गेला. नडगीचं हाड मोडलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं, दीड महिना पाय टेकायचा नाही. आणि त्यानंतरही तीन-चार महिने क्लच दाबायचं नाव काढू नका.

घरी आल्यावर मधुकरराव दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले. तिसऱ्या दिवशी कौशल्येनं चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "कुठून सुरू कराचं, ते सांगा."

"काय?"

"गाडी."

"कोन करन?"

"मी करीन. तुमी सांगा."

मधुकररावांनी तिच्याकडे पाहिलं. "पाना कसा धरतात, मालूम हाये काय तुले?"

"वावरातला पंप इतकी वर्षं कोन खोलत होतं?" कौशल्या म्हणाली. "विहिरीत उतरून फुटवाल कोन बदलत होतं? तुमी त चिखल्यात."

मधुकररावांनी कप खाली ठेवला. पंप कोण दुरुस्त करतं, हा प्रश्न सत्तावीस वर्षांत त्यांना एकदाही पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कौशल्या आणि ललिताबाईनं त्यांची खाट उचलून सांदवाडीतल्या आंब्याखाली ठेवली, गाडीपासून चार हातांवर.

आधी दोन दिवस नुसतं धुणं चाललं. काळं पाणी वाहून वाहून विहिरीच्या मागची जमीन शाईसारखी झाली. मग डाल्याच्या फळ्या निघाल्या. एस.टी. स्टँडच्या रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान असलेला चंदन संध्याकाळी मोटारसायकलनं यायचा. जे एकट्या बाईच्यानं उचलवत नाही, ते काम त्याच्याकडे. पहिल्या दिवशी तो गाडीभोवती फिरला, इथं-तिथं बोटानं टोकरून पाहिलं आणि म्हणाला, "काकू, वाईट नका मानू, पन हिच्यात गाडी कमी अन् जंग जास्त हाये."

"मंग जंग काढू," कौशल्या म्हणाली. "जे उरन ते गाडी."

काम सुरू झालं तसं भांडणही सुरू झालं. कौशल्या पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली शिरायची आणि मधुकरराव खाटेवरून सांगायचे. "डावीकडे फिरव. अवं डावीकडे."

"तुमची डावी की माही? मी उताणी पडली आहो, तुमी बसले आहा."

एकदा तर ती नट उलट्या दिशेनं पिळत राहिली आणि तिचं मनगट सुजलं. त्या संध्याकाळी हळद लावता लावता दोघांनी ठरवलं, की डावी-उजवी बंद. गाडीच्या डाव्या अंगाला तुळस, उजव्या अंगाला विहीर. त्यानंतर सांदवाडीतून आवाज यायचे, "तुळशीकडे अर्धा आटा. आता विहिरीकडे जरासा ढिला." चंदन पहिल्यांदा हे ऐकून पाना हातात घेऊन नुसता उभाच राहिला. चार दिवसांनी तोही तसंच बोलू लागला.

मधुकररावांना शिकवायची सवय नव्हती. पण त्यांचा कान विलक्षण होता. कौशल्येनं हातानं इंजिनचा पंखा फिरवला, की ते डोळे मिटून सांगत, आतला कोणता भाग कुरकुरतो आहे. "हा कोरडा आवाज हाये. आता आइल टाक. आता आयक. फरक कळला?" आधी कौशल्येला सगळे आवाज सारखेच वाटत. मग एकेक वेगळा होऊ लागला, भाकरी थापताना पीठ कमी-जास्त झालेलं हाताला कळतं तसा. आवाजांच्या मधल्या वेळात मधुकरराव इतर गोष्टी सांगू लागले. चिखल्याच्या खोलीत त्यांनी एकदा खिचडीत मिठाऐवजी साबणाचा चुरा टाकला होता, ते. पावसात घाटात गाडी बंद पडली तेव्हा रात्रभर शेजारी एक अस्वल हुंगत बसलं होतं, ते. कौशल्या गाडीखालून हसायची.

"हे मले कधी सांगतलं नाई."

"दोन दिवसांत काय काय सांगाव?" मधुकरराव म्हणाले.

मग रेडिएटरचा प्रश्न आला. पाणी ओतलं, की खालून ठिबकायचं. चंदननं तो काढून उन्हात धरला आणि मान हलवली. "फेका. नवा घ्या." मधुकररावांनीही तेच सांगितलं.

कौशल्येनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. नखानं घासला. वरचा काळा थर निघाला आणि खाली पिवळं चमकलं.

"हे त पितळ हाये," ती म्हणाली.

"असन. कोन्या जुन्या गाडीचा बसवला असन कोनी," मधुकरराव म्हणाले. "त्यानं काय होते?"

"पितळी गुंड गळला तर आपन फेकतो काय?"

दुसऱ्या दिवशी तिनं रेडिएटर जुन्या लुगड्यात गुंडाळला, डोक्यावर घेतला आणि भंडाऱ्याची एस.टी. धरली. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, काय हाये हे?" ती म्हणाली, "भांडं." पितळी भांड्यांच्या दुकानांमागं एका बोळात दादाजी नावाचे म्हातारे कारागीर बसत. कौशल्येच्या लग्नातला गुंड त्यांनीच दोनदा झाळून दिला होता. त्यांनी लुगडं सोडलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, यात पानी भरता की कोनाले आंघोळ घालता?"

"गाडीले," कौशल्या म्हणाली.

दादाजी बराच वेळ हसत राहिले. मग मात्र त्यांनी हातातली परात बाजूला ठेवली. रेडिएटरचं एक तोंड लाकडी गुट्ट्यानं बंद केलं, दुसऱ्यातून हवा फुंकत तो पाण्याच्या टाक्यात बुडवला. जिथून बुडबुडे आले तिथं खडूनं खुणा केल्या. सहा जागा निघाल्या. प्रत्येक जागा घासून, तापवून त्यांनी झाळली. कौशल्या समोर पाटावर बसून पाहत होती. शेवटी पुन्हा बुडवला, तेव्हा पाणी स्थिर राहिलं.

"आमच्या घरान्यात गाडीचं भांडं पयल्यांदाच झाळलं," दादाजी म्हणाले. "चालू झाली की दाखवाले आन."

रेडिएटर बसवला, पाणी भरलं. रात्रीतून एक थेंब गळला नाही. सकाळी मधुकररावांनी काठीनं गाडीखालची कोरडी माती टोकरून पाहिली. त्या दिवशी चंदनला फोनवर सगळी हकिकत त्यांनी दोनदा सांगितली, आणि संध्याकाळी तो आला तेव्हा तिसऱ्यांदा.

इंजिन सुरू झालं ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी. डिझेलच्या नळीत हवा अडकली होती. कौशल्या एका हातानं छोटा पंप दाबत होती, दुसऱ्या हातानं स्क्रू सैल करत होती. आधी फेस आला, मग फेस कमी झाला, मग स्वच्छ डिझेलची धार लागली. तिनं स्क्रू आवळला, पदराला हात पुसले आणि चंदननं चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली. तिसऱ्यांदा सुरू झाली. काळा धूर आंब्यात शिरला आणि झाडावरचे सगळे पोपट एकदम उडाले. ललिताबाई कुंपणापलीकडून टाळ्या वाजवायला लागली. मधुकररावांनी डोळे मिटून ऐकलं आणि चार बोटं वर केली. चारही सिलिंडर चालू.

ब्रेकचं काम दोघांनी मिळून करायचं असतं. एकानं आतून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून हवा काढायची. मधुकररावांचा उजवा पाय चांगला होता. चंदननं त्यांना उचलून सीटवर बसवलं. प्लास्टर नुकतंच निघालं होतं, डावा पाय बाजूला उशीवर ठेवला. कौशल्या मागच्या चाकापाशी बसली.

"दाबा," ती म्हणाली. "धरून ठेवा. आता सोडा."

"सोडलं."

"मी म्हनल्याशिवाय सोडाचं नाई. पुन्हा दाबा."

"आजपर्यंत माह्यावर कोन्या ठेकेदारानं इतका हुकूम नाई चालवला," मधुकरराव आतून म्हणाले.

"त्याले तुमची गरज होती. दाबा."

चंदन पाठ फिरवून हसत होता. चारही चाकं झाली, पेडल कडक लागलं. तेव्हा चंदननं तो विषय काढला, जो आतापर्यंत कोणी काढला नव्हता. गाडी तर उभी राहिली, पण काकाजींचा पाय क्लचवर यायला अजून अवकाश आहे. एखादा ड्रायव्हर पाहावा लागेल. त्याच्या ओळखीत दोघं-तिघं होते.

कौशल्या चाकापासून उठली. "नको. मी लर्निंगचा फार्म भरला," ती म्हणाली. "प्रतिक्षानं फोनवरून भरून देला. परवाच लायसन आलं."

मधुकरराव स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या काचेतून बाहेर पाहत होते. तिथं दिसण्यासारखं काही नव्हतं, फक्त कुंपण आणि त्यावर वाळत घातलेली पोती. मग त्यांनी हात लांब करून मधला आरसा जरा खाली वळवला, कौशल्येच्या उंचीला.

"आधी आरसा पाह्याचा," ते म्हणाले. "मंग चावीले हात लावाचा. सारेच उलटं करतात."

शिकणं सोपं गेलं नाही. बंद पडलेल्या राइस मिलच्या मोकळ्या मैदानात ती रोज दुपारी गाडी फिरवायची, बाजूला मधुकरराव काठी घट्ट धरून. पहिल्या दिवशी गाडी बेडकासारखी उड्या मारत गेली आणि अकरा वेळा बंद पडली. तिसऱ्या दिवशी ती मिलच्या भिंतीपासून एका विताच्या अंतरावर थांबली. मधुकररावांचा चेहरा पांढरा झाला होता, पण आवाज चढला नाही. "भिंत सरकत नसते," एवढंच म्हणाले. "आपनच सरकाव लागते." दहाव्या दिवशी तिनं रिव्हर्समध्ये गाडी दोन ड्रमांच्या मधून काढली, आणि ते काठी टेकत खाली उतरून दोन्ही बाजूंचं अंतर मोजत बसले. दोन्हीकडे सारखं होतं.

मधल्या काळात डाल्याला नव्या फळ्या लागल्या, निळं दार पांढरं झालं. घराच्या खिडक्या रंगवून उरलेल्या पिवळ्या रंगाचं काय करायचं, म्हणून कौशल्येनं चाकांच्या रिमा रंगवल्या. झेंडूच्या फुलांसारख्या. मधुकररावांना ते पसंत नव्हतं. मालगाडीला नटवू नये, असं त्यांचं मत होतं. पण वाटेनं जाणारे थांबून पाहू लागले, तसे तेही सांगू लागले, "रंग घरचाच हाये."

नोव्हेंबरात भंडाऱ्याला एकाच दिवशी दोन परीक्षा झाल्या. गाडीची पासिंग आणि कौशल्येचं लायसन. गाडी पहिल्या फेरीत पास झाली. कौशल्येला साहेब म्हणाले, "डावीकडे घ्या," आणि ती क्षणभर अडली. मग ओठांतल्या ओठांत "तुळशीकडे" असं पुटपुटली आणि बरोबर वळली. साहेबांनी विचारलं, "काय म्हणालात?" ती म्हणाली, "देवाचं नाव घेतलं." परतताना तिनं दादाजींच्या बोळाच्या तोंडाशी गाडी थांबवली. म्हाताऱ्यानं बॉनेट उघडायला लावून आपली झाळ पाहिली, बोटानं चाचपली आणि समाधानानं बॉनेट स्वतःच बंद केलं.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे पहिला माल निघाला. पाच घरांची वांगी, तीस क्रेट, वरून ओली पोती. धुकं होतं. कौशल्येनं स्वेटरवर पदर खोचला, आधी आरसा पाहिला आणि गाडी काढली. ललिताबाईनं चाकांवर पाणी टाकलं. गावाबाहेर रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या, मधूनच पेंढ्या रचलेले पुंजणे, आणि गाडीत कच्च्या वांग्यांचा हिरवा वास. मधुकरराव डाव्या बाजूला बसून न राहवून हवेतच गिअर बदलत होते.

अड्याळच्या पुढं कौशल्येनं मान तिरपी केली. थोड्या वेळानं पुन्हा केली. मग तिनं वेग कमी केला.

"काय झालं?" मधुकररावांनी विचारलं.

"आवाज बदलला."

त्यांनी डोळे मिटले. ऐकलं. "काई नाई. रस्ता खराब हाये."

"रस्त्याचा नाई. विहिरीकडच्या मागच्या चाकात टकटक हाये."

"कौशल्या, मी सत्तावीस वर्षं..."

पण तिनं गाडी कडेला घेतली होती. उतरली, मागं गेली आणि चाकाच्या नटाला हात लावला. नट हातानंच फिरला. दुसराही. नव्या रंगाचा जाड थर नटांखाली दबून गेला होता आणि नट सैल पडले होते. मधुकरराव काठी टेकत मागं आले. वाकून त्यांनी पिवळा रंग पाहिला, सैल नट पाहिले, आणि हळूहळू त्यांच्या तोंडावर काहीतरी पसरत गेलं. ते रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसले आणि हसू लागले. असं हसताना कौशल्येनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं.

"रंग लावते कोन," ते म्हणाले, "अन् चूक आयकते बी तेच. मी कायले बसलो आहो या गाडीत?"

"पाना द्याले," कौशल्या म्हणाली.

त्यांनी पाना दिला. तिनं नट काढून खालचा रंग खरवडला, चारही चाकांचे नट आवळले. शेवटी पान्यावर उभी राहून वजन टाकलं. तोवर धुकं उठलं होतं आणि शेतांवर कोवळं ऊन आलं होतं.

बाजारात पोचायला थोडा उशीर झाला, पण वांगी ताजी होती आणि देठ हिरवे होते. एका व्यापाऱ्यानं क्रेट उतरवताना मधुकररावांना विचारलं, "नवीन दिसता. गाडी कुठून आनली?"

"पवनीहून ते घेऊन आली," मधुकरराव कौशल्येकडे बोट दाखवून म्हणाले. "मी बसून आलो."

माल हातोहात गेला. दोघांनी बाजाराबाहेर टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. कौशल्येनं दोन प्लेट खाल्ल्या.

परतीच्या वाटेवर ऊन चढलं. पहेला गाव मागं पडलं आणि बाजूचं बोलणं थांबलं. कौशल्येनं वळून पाहिलं. मधुकरराव खिडकीला डोकं टेकून झोपले होते, तोंड जरासं उघडं, काठी गुडघ्यांत. त्यांनीच एकदा सांगितलं होतं, की दुसऱ्या कोणाच्या हातात स्टिअरिंग असलं, की त्यांचा डोळा कधी लागत नाही. लग्नाच्या वरातीतही ते ड्रायव्हरचे हात पाहत बसले होते. कौशल्येनं गिअर हळूच बदलला. खड्डा आला की आधीच वेग कमी केला. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत आला, तिनं त्याला हातानं पुढं जायला सांगितलं.

घरी पोचल्यावर तिनं सांदवाडीत गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, पण इंजिन बंद केलं नाही. बंद केलं तर त्यांना जाग येईल, हे तिला माहीत होतं. ती आवाज न करता उतरली आणि रिकामे क्रेट खाली उतरवू लागली. ललिताबाई तिच्या मदतीला आली.

"गाडी चालूच हाये नं," ती म्हणाली. "डिझल जळून राहिलं."

"जळू दे जराकसं," कौशल्या म्हणाली. "तू क्रेट हळू ठेव."